बधिर बोटांचं वळण

जिन्याचे दोन मजले चढून झाले होते आणि तिसऱ्याच्या पायऱ्या सुरू व्हायच्या होत्या, तेवढ्यात सुन-रेला वरून स्वतःचं वाजवणं ऐकू आलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. हातातल्या पिशवीत भाजलेली रताळी होती, त्यांची ऊब मांडीला लागत होती. माणसाला आपला खोकला ओळखू येतो, आपलं पाऊल ओळखू येतं, तसं तिला ते वाजवणं ओळखू आलं. गायागमच्या बारा रेशमी तारांतली सातवी तार, उजव्या हातानं छेडलेली, आणि डाव्या हातानं ती दाबायच्या आधी झालेला पाव श्वासाचा उशीर. सूर खाली जन्मतो, थबकतो, मग उचलला जातो आणि ओल्या हातातून वाटी निसटावी तसा सुटतो. हा उशीर जगात एकाच हाताचा होता, तिच्या. आपली शिष्या दा-इन पुन्हा फोनमधे भरून घेतलेलं ऐकत बसलेली दिसते, असं ती मनाशी म्हणाली. वाजवायला बस, ऐकत बसू नकोस, हे त्या पोरीला सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. पण फोनमधला आवाज पातळ येतो. हा भरीव होता, जिन्याच्या भिंतीतून तळपायापर्यंत येत होता, आणि मधेच थांबून तीच जागा पुन्हा आली, अगदी तशीच, तेवढ्याच उशिरानं. फोन असा स्वतःहून मागे येत नाही. उरलेल्या पायऱ्या ती चढली खरी, पण कशी चढली हे तिला नंतर आठवलं नाही.

दार उघडंच होतं. दा-इन जमिनीवर बसून वाजवत होती. वाद्याचं डोकं उजव्या मांडीवर, पाठ ताठ, डावा हात तारा पेलणाऱ्या लाकडी घोड्यांच्या पलीकडे तारांवर. सव्वीस वर्षांचा धडधाकट हात. बुसानच्या बाजारात आईच्या दुकानावर मासे सोलून तयार झालेला, कुणालाही हेवा वाटावा असा. त्या हाताची तर्जनी वर हवेत धरलेली होती. मधलं बोट तिला चिकटून, तेही वर. आणि तार दाबायचं सगळं काम अनामिका नि करंगळी करत होत्या, कोपरापासून जोर लावून, मनगट जरासं बाहेर काढून. दोन निरोगी बोटं घरातल्या पाहुण्यांसारखी नुसती बसून होती. सुन-रेनं स्वतःचा डावा हात कोटाच्या खिशात आणखी आत ढकलला, जणू चोरीचा माल कुणीतरी चव्हाट्यावर मांडला होता आणि अजून कुणाला त्याचा धनी ठाऊक नव्हता. दा-इननं मान वर केली आणि खुशीत हसली.

"आलात बाई? बघा ना, नववं आवर्तन आज कुठं जमायला लागलंय. ती मधली अडखळ माझ्याकडून नेहमी लवकर व्हायची. आता बरोबर तुमच्याएवढी होते. फोनवर मोजली मी."

सुन-रेनं बूट काढले, एकाशेजारी एक नीट लावले, आणि पाठमोरीच विचारलं, "ती बोटं वर का धरतेस?"

"तुम्ही धरता म्हणून. आपल्या घराण्याची ठेवण ना ती? माल-हुईबाईंकडच्या मुली चिडवतात मला, म्हणतात, चहाचा कप धरलाय का गं. पहिलं वर्षभर खांदा भरून यायचा. आता काही वाटत नाही."

सुन-रेनं रताळी पुढे ठेवली आणि आपलं डोकं दुखतंय, आज शिकवणी नको, असं सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. दा-इननं लगेच बार्लीचा चहा ओतला, औषध आणू का म्हणून विचारलं, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. चांगली पोरगी. सुन-रेला तिचा त्या क्षणी इतका राग आला की कपाकडे बघत बसावं लागलं. आणि राग तरी कसला धरायचा? तीन वर्षं समोरासमोर बसून दोघींनी एकत्र वाजवलं होतं, तशीच रीत होती. शिकवणारीनं वाजवायचं, शिकणारीनं तिच्याबरोबर वाजवायचं, कागद नाही, बोलणं नाही. दोन वाद्यं एकदम वाजत असली की दुसरं पहिल्याच्या पोटात जातं. सुन-रेला त्या तीन वर्षांत दा-इन अशी एकटी, सुटी कधी ऐकूच आली नव्हती. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर तिचे डोळे सगळा वेळ स्वतःच्या हातावर खिळलेले असायचे, कारण आता तो हात बघितल्याशिवाय जागेवर जात नव्हता. पहिल्याच दिवशी दा-इननं काहीतरी विचारलं होतं, या बोटानं का, त्या बोटानं का नाही, असं काहीसं. तेव्हा सुन-रेनं तिला तेच सांगितलं होतं जे तिला चाळीस वर्षांपूर्वी सांगण्यात आलं होतं. विचारू नकोस, हात बघ. पोरीनं तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून हात बघितला होता.

बसमधे तिला खिडकीकडची जागा मिळाली. दुपारची वेळ होती, शाळा सुटल्या होत्या, मुलं एकमेकांच्या पाठीवरच्या पिशव्या ओढत होती. तिनं डावा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. वरून बघितलं तर काही नाही. तळव्याच्या बाजूला, दोन बोटांच्या मुळाशी, पांढरी तिरकी रेघ. चार वर्षं झाली होती. तिच्या गुरू, थोरल्या बाई नाम गुम-सोन, यांच्या जाण्याला तिसरं वर्ष पूर्ण झालं तो दिवस. बाईंच्या सगळ्या शिष्या सुन-रेच्या घरी जमल्या होत्या, फोटोपुढे ताटं मांडली, नमस्कार झाले, मग जेवणं, मग थोडं पिणं, मग रडणं, मग हसणं. भांडी मी घासते, तुम्ही बसा, असा हट्ट सुन-रेनं धरला. डाव्या हातात सोजूचा छोटासा पेला, उजव्या हाताचं बोट स्पंजासकट आत. पेल्याला आधीच तडा होता की तिनं जोर जास्त लावला, देव जाणे. दुखलंच नाही. पाणी लाल झालं तेव्हा तिला आधी वाटलं, कुणाचा तरी मिरचीचा रस्सा सांडलाय. दुसऱ्या खोलीत थोरली गुरुभगिनी माल-हुई ताई जुनं गाणं म्हणत होती आणि बाकीच्या मांडीवर ताल धरत होत्या. सुन-रेनं हात फडक्यात गुंडाळला आणि ते गाणं संपेपर्यंत ती मोरीपाशी उभी राहिली, कारण मधे हाक मारणं बरं दिसलं नसतं.

डॉक्टरांनी बोटं वाकवणाऱ्या तुटक्या दोऱ्या जोडल्या. सहा महिन्यांनी पुन्हा उघडून पुन्हा सैल केल्या. बोटं रबराला बांधून दिवसाला शंभर वेळा वाकवायची, उघडायची, वाकवायची. बोटं वाकायला लागली, आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. जे आलं नाही ते वरून दिसत नव्हतं. व्यायाम करून घेणारा एक गोड तरुण होता, तो तिला डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकाखाली काहीतरी ठेवायचा आणि विचारायचा, काय आहे? तांदूळ, ती म्हणायची. बटण. राजम्याचा दाणा. एकदा तिनं बराच विचार करून तांदूळ म्हटलं आणि डोळे उघडले, तर बोटांखाली काहीच ठेवलेलं नव्हतं. त्या तरुणाला वाईट वाटलं, तो म्हणाला, आजी, नसा सावकाश वाढतात. तिला आजी म्हटल्याचं वाईट वाटलं, आणि ते बरं झालं, कारण त्या दिवशी वाईट वाटायला काहीतरी छोटं हवंच होतं. घरी येऊन तिनं गायागम काढली. उजवा हात आवाज काढतो; तो आवाज जिवंत करायचं काम डाव्याचं. दाबलेली तार वर बोलते, सोडलेली खाली येते, आणि किती दाबलं हे कानाला कळायच्या आधी बोटाच्या कातडीला कळतं. तेच गेलं होतं. ती तार दाबायची ती अंधारात पायरी शोधावी तशी, आणि सूर कधी वर जायचा, कधी खाली राहायचा. मग तिनं एक युक्ती काढली. आधी छेडायचं, ऐकायचं, आणि ऐकत ऐकत दाबायचं. नुसत्या पाव श्वासाचा फरक. अनामिका आणि करंगळीला कामाला लावलं, मेलेली दोन बोटं आड येऊ नयेत म्हणून वर उचलून धरली. वर्षभरात हे इतकं बेमालूम बसलं की बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. चार टाके पडले होते, भरून आलं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. का सांगितलं? लाजेनं. आणि शिष्या माल-हुई ताईकडे जातील म्हणूनही. दोन्ही खरं होतं, आणि बसमधे बसल्या बसल्या तिला दोन्हींची शिसारी आली.

पण हे एवढंच असतं तर चाललं असतं. हात सगळ्यांचेच जातात. थोरल्या बाईंचा पाऊण तासाचा सांजो, म्हणजे एकट्या वाद्याची लांब रचना, सगळ्या शिष्यांना येत होता, चाळीस वर्षांपूर्वीची त्याची ध्वनिमुद्रिकाही होती. नववं आवर्तन तेवढं कशातच नव्हतं. पहिल्या, अतिसंथ भागात ते बाईंनी अगदी म्हातारपणी घातलं. तेव्हा बाकीच्या शिकून, नाव कमावून आपापल्या घरी गेल्या होत्या. महिन्यातून दोनदा गाडी पकडून बाईंकडे नाजूला जाणारी सुन-रे एकटी उरली होती. तार आधीच दाबून ठेवायची, म्हणजे छेडल्याबरोबर सूर वर जन्मतो, आणि मग तो एकाच श्वासात खाली आणायचा. नुसता आणायचा नाही. येता येता त्याचं कापणं, थरथरणं, कमी कमी होत जायचं, आणि कापणं कुठं संपलं नि सूर कुठं संपला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. बाई म्हणायच्या, सोडतेयस हे बोटाला कळू देऊ नकोस. दीड वर्षानं एका सकाळी सुन-रेच्या हातून ते झालं. बाईंनी मान हलवली नाही, कौतुक केलं नाही. उठून आत गेल्या आणि कापलेली नाशपाती घेऊन आल्या. ते आवर्तन तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं. बाई गेल्यावर तीन वर्षं सुतकाची म्हणून तिनं ते कुणाला शिकवलं नाही, वाजवलं नाही. गुरूचं शेवटचं लेणं सुतकात मिरवायचं नसतं, असं तीच इतरांना ऐकवायची. तिसरं वर्षश्राद्ध झालं की पुढल्या आठवड्यात ध्वनिमुद्रण, असं ठरवून जागा, दिवस, साथीचा जांगू ढोल वाजवणारा, सगळं नक्की केलं होतं. पुढल्या आठवड्यात तिचा हात पांढऱ्या बोचक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता.

आणि आता नऊ दिवसांनी थोरल्या बाईंच्या सातव्या वर्षश्राद्धाची मैफल होती. दा-इन पूर्ण सांजो वाजवणार, नवव्या आवर्तनासकट, पहिल्यांदाच लोकांपुढे. घराण्याच्या मंडळानं ठरवलं होतं की त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण हेच पुढे प्रमाण मानायचं. मंडळाची अध्यक्ष माल-हुई ताई, आणि हा ठराव मांडला होता तोही तिनंच, सुन-रेचा मान ठेवण्यासाठी. बस उतरायची जागा मागे गेली हे सुन-रेच्या लक्षात आलं. ती पुढल्या थांब्यावर उतरली आणि उलट चालत आली. आपण मेलो की हा पंगू हात मात्र मरणार नाही, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दा-इनला वाजवू दिलं नाही. समोर बसवलं आणि सांगून टाकलं, की तू शिकलीस ते चुकीचं आहे. दा-इननं कुठली जागा म्हणून वही काढली. सगळ्याच जागा, सुन-रे म्हणाली. दा-इननं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर शहाणं हसू आलं. थोरल्या बाई अशा परीक्षा घ्यायच्या. बरोबर वाजवलेल्याला चूक म्हणायच्या आणि शिष्या डगमगते का बघायच्या. हे किस्से तिला रंगवून रंगवून सुन-रेनंच सांगितले होते. त्यामुळे सुन-रे जितकं खरं बोलली तितकी दा-इन जास्त ताठ बसली, आणि मी नाही बदलणार बाई, असं नम्रपणे म्हणत राहिली. शेवटी सुन-रेनं डावा हात पुढे केला.

"मी डोळे मिटते. यातलं कुठलंही बोट दाब. चांगलं जोरात दाब. कुठलं दाबलंस ते मी सांगते."

ती डोळे मिटून बसली. खाली वाद्यांच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं. दा-इनच्या श्वासाला किंचित मिरचीचा वास येत होता, सकाळी शेवया खाऊन आली असणार.

"दाब ना," सुन-रे म्हणाली. "लाजू नकोस."

दा-इन अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी कधीची दाबतेय."

सुन-रेनं डोळे उघडले. दा-इननं तिची तर्जनी दोन नखांच्या चिमटीत धरली होती आणि टोक पांढरंफटक पडलं होतं. तिनं चिमूट सोडली, तिथे नखांच्या दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या. दा-इन त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग रडायला लागली, आणि रडता रडता तिनं जे विचारलं त्यात दया नव्हती, राग होता. "मग तीन वर्षं मी काय शिकले?" सुन-रेला उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. माझं दुखणं शिकलीस, असं ते उत्तर होतं.

मग त्या कामाला लागल्या. तर्जनी आणि मधलं बोट तारेवर, आधी दाब, मग छेड, मग सोड. दा-इन हुशार होती, तासाभरात तिनं तसं केलं. सूर वर जन्मला, खाली आला. कापत आला, थांबला. काही चुकलं नव्हतं आणि काही घडलंही नव्हतं. शाळेतल्या मुलीनं कविता पाठ म्हणावी तसं ते आलं आणि गेलं. सुन-रे म्हणाली, नाही. दा-इननं पुन्हा केलं. नाही. जास्त सावकाश? नाही. कमी? नाही. सुन-रेनं तिच्या हातावर आपला हात ठेवला, थोरल्या बाई तिच्या हातावर ठेवायच्या तसा, म्हणजे वजन कसं जातं ते कातडीला कळावं. पण तिच्या बोटांखाली दा-इनचा हात होता की टेबलाची कड होती हे तिलाच कळत नव्हतं. तिनं हात काढून घेतला. दा-इननं न दुखावता विचारलं, "मग कसं बाई? निदान तोंडानं म्हणून दाखवा." तेवढं उरलंच होतं. तारांचे बोल तोंडानं म्हणायची रीत त्यांच्यात होतीच, दुंग, दांग, जिंग, आणि हात गेला तरी गळा कुठं गेला होता? सुन-रेला एकदम उभारी आली. इतकी साधी गोष्ट आपल्याला चार वर्षांत सुचली कशी नाही, असं वाटलं. तिनं घोटभर चहा घेतला, डोळे मिटले, नाजूची ती खोली आठवली, बाईंची ती नाशपाती आठवली, आणि म्हटलं. पहिल्यांदा गळा साफ नव्हता. दुसऱ्यांदा तिनं जीव ओतून म्हटलं. दा-इन खाली मान घालून ऐकत होती. तिसऱ्यांदा म्हणून झालं तेव्हाही तिनं मान वर केली नाही.

"काय झालं?"

"बाई," दा-इन म्हणाली, "तुम्ही म्हणतानाही थबकताय."

खोटं, असं सुन-रे म्हणणार होती. त्याऐवजी तिनं चौथ्यांदा म्हटलं, आणि या वेळी दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं स्वतःचं ऐकलं. सूर खाली निघाला, पाव श्वास थांबला, मग उचलला गेला. तिनं जोर करून तो वरून काढला, तर जे निघालं ते दा-इनच्या पाठ केलेल्या कवितेसारखं निघालं, आणि तेच खरं होतं की नव्हतं हे तिला सांगता येईना. नाजूची खोली आठवत होती. बाईंच्या ब्लाउजची सुटलेली गाठ, नाशपातीचा रस, पायाला आलेल्या मुंग्या, सगळं होतं. मधला तो सूर नव्हता. चार वर्षं रोज सहा सहा तास तिनं हाताला नवं वळण लावलं होतं, आणि त्या हातानं गुपचूप आत जाऊन जुनं सगळं पुसून टाकलं होतं. कुणी मेल्याचं कळावं आणि आपण तर रोज त्याच्याशी बोलत होतो हेही त्याच वेळी कळावं, तशी ती बसून राहिली. दा-इननं खिडकी बंद केली, पुन्हा उघडली.

माल-हुई ताईकडे ती दोन दिवसांनी गेली. ताई थोरल्या बाईंना शेवटच्या वर्षी दोनदा भेटली होती, त्यातल्या एकदा बाईंनी वाजवलं होतं, हे सुन-रेला पक्कं ठाऊक होतं. ताईचं वय त्र्याहत्तर, कान कुत्र्याचे, जीभ कात्रीची. तिनं आधी मुळ्याची कोशिंबीर पुढे केली, नव्या शिष्यांच्या नखऱ्यांवर अर्धा तास तोंडसुख घेतलं, सुन-रे वाळलीस म्हणून दोनदा ओरडली. सुन-रेनं सगळं सांगितलं. टाके चार नव्हते, बोटं बधिर आहेत, अडखळ ही अडखळच आहे, घराण्याची ठेवण नाही. मी ते विसरले ताई, तुला आठवत असेल तर म्हणून दाखव, नाहीतर मैफल पुढे ढकल. एवढं बोलल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती रडलीसुद्धा नाही. ताई बराच वेळ मुळ्याचे तुकडे एका बाजूला सारत होती.

"मला वाटलंच होतं हाताचं काहीतरी," ती म्हणाली. "पण एक सांगू? आधी तू फार स्वच्छ वाजवायचीस गं. हेवा वाटायचा, पण रडू नाही यायचं. अपघातानंतर बाई तुझ्या हातात आल्या असं मीच सगळ्यांना सांगत फिरले."

"बाई नाहीत त्या. ते टाके आहेत."

"असतील. बाईंनी काय वाजवलं होतं ते मला आठवतं. तू वाजवतेस तेच आठवतं." तिनं हात पुसले. "खरं दुसरं कुणाकडे असेल तर सांग, त्याच्या पाया पडून आणू. आहे कुणाकडे?"

सुन-रेनं नकारार्थी मान हलवली.

"मग जे आहे ते खरं. पत्रिका छापून गेल्यात."

त्यात दुष्टपणा नव्हता. निघताना ताईनं डबा भरून कोशिंबीर दिली, शिवाय जिन्यापर्यंत हात धरून आली, नेमका डावा हात, आणि तो अंगठ्यानं चोळत राहिली. सुन-रेला त्या दोन बोटांतलं तेवढं कळत नव्हतं.

उरलेले दिवस दा-इन तर्जनीनं वाजवत राहिली. खोलीत गेलं की ती दिसायची, केस वर बांधलेले, डोळे सुजलेले. तिची अनामिका दचकून आपोआप पुढे यायची आणि ती तिला मागे ओढायची. जुनं सुटत होतं आणि नवं लागत नव्हतं. सातव्या दिवशी तर ती पाचव्या आवर्तनातच चुकली, जिथे आजवर कधी चुकली नव्हती. सुन-रे बाजूला बसून ते बघायची. आपण एकदा नासवलेलं आता दुसऱ्यांदा नासवतोय, हे तिला दिसत होतं. पोरीचा दोष काय होता? इतकाच, की तिनं विश्वास ठेवला. तिला वाटलं, हिचा हात धरून हिला बुसानच्या गाडीत बसवून द्यावं, आईच्या दुकानात मासे सोलू द्यावेत. तिथे निदान बोट कापलं की बोटच कापतं. मैफलीच्या दुपारी, पडद्यामागे, चाफेकळी रंगाच्या रेशमी घोळदार पोशाखात दा-इन आजारी माणसासारखी बसली होती. बाहेर लोक जागा धरत होते.

"बाई, कुठलं वाजवू?"

सुन-रेनं तिच्या गळ्याखालची पोशाखाची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. ते काम एका हातानं होत नाही, आणि दोन हातांनी करायला तिला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता. "नऊ दिवसांपूर्वीचं," ती म्हणाली. दा-इनचे खांदे खाली आले. तिला सुटल्यासारखं वाटलं हे तिनं लपवलंही नाही.

पहिल्या रांगेत सुन-रेला माल-हुई ताईशेजारी बसवलं होतं. त्यांच्या या संगीतात ऐकणाऱ्यानं मुकाट बसणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान. जागा आली की दाद गेलीच पाहिजे, आणि ती ज्यानंत्यानं आपल्या पोटातून द्यायची असते. जांगूवाल्यानं घसा साफ केला, पहिली थाप दिली. दा-इन सुरू झाली आणि दुसऱ्या आवर्तनातच सभागृह तिच्या मुठीत आलं. जणू आठ दिवसांचा ताप उतरला होता. तर्जनी वर, मधलं बोट वर. मागून कुणी म्हणालं, अस्सं. ताई म्हणाली, जिओ. सुन-रेनंही रीतीप्रमाणे चौथ्याला, सहाव्याला दाद दिली, कारण तिथलं सगळं थोरल्या बाईंचं होतं आणि दा-इन ते खरोखर सुंदर वाजवत होती. पण नवव्याला गप्प बसायचं, एवढं तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं. सगळं सभागृह ओरडलं तरी आपण नाही. तेवढी एक साक्ष राहील. कुणाला कळली नाही तरी राहील. तिनं ओठ घट्ट मिटले, हात मांडीखाली घेतले. आठवं संपलं. दा-इननं सातवी तार छेडली. सूर खाली जन्मला आणि थबकला, आणि त्या पाव श्वासाच्या रिकाम्या जागेत, ताईच्याही आधी, सुन-रेच्या तोंडून "वाह" निघून गेलं. रीतीचं नव्हतं ते. पोटातून आलं होतं, अगदी खरं, कारण जागा तशीच होती, मन भरून यावं अशी. मग सूर उचलला गेला आणि सभागृह उसळलं. ताईनं तिचा गुडघा दाबला. सुन-रे पुढे बघत राहिली.

मायक्रोफोन पहिल्या रांगेच्या अगदी जवळ होता, त्यामुळे ध्वनिमुद्रणात तिचा आवाज स्पष्ट आला. मंडळानं तो काढला नाही. गुरूची दाद म्हणून मुद्दाम ठेवला. आता या घराण्यात जी कुणी नवी मुलगी नववं आवर्तन शिकायला बसते, ती दोन बोटं वर धरते, पाव श्वास थांबते, आणि शेजारी बसलेली दुसरी मुलगी नेमकी त्याच जागी, तशीच, वाह म्हणायला शिकते.